हंगामी थोर पुरुष

नोकरीत ‘कायम’ होणे हा मराठी मध्यमवर्गीय पुरुषाचा खरा उपनयनविधी होय. त्यापूर्वीचा काळ केवळ उमेदवारीचा, म्हणजे साहेबाच्या आधी कचेरीत हजर होण्याचा, फायलींवरील धूळ स्वहस्ते झटकण्याचा आणि वरिष्ठांच्या विनोदांना वेळेवर हसण्याचा असतो. परंतु एकदा कायमपणाचा हुकूम हाती पडला, सेवापुस्तकात त्याची नोंद झाली आणि ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव कोणाच्या वर व कोणाच्या खाली याचा निकाल लागला, की तो मनुष्य निर्धास्त होतो. त्यानंतर त्याने काम केले तर तो त्याच्या मनाचा मोठेपणा, आणि न केले तर तो त्याचा स्वभाव! इनामे बुडाली, वतने खालसा झाली, देशमुखी-देशपांडेपण आडनावापुरते उरले. परंतु एकदा मिळालेली जागा आपल्या पश्चात निदान आपल्या चिरंजीवांना तरी मिळावी, ही भावना कोणत्याही सरकारला खालसा करता आलेली नाही.

अशा या समाजाने जीव ओवाळून टाकावा तो क्रिकेटसारख्या खेळावर, जेथे थोरातला थोर पुरुषही रोजंदारीवर असतो, हे एक आश्चर्यच म्हटले पाहिजे. शंभर कसोटी सामने खेळलेला फलंदाज एकशे एकाव्या सामन्याच्या सकाळी जेव्हा मैदानात उतरतो, तेव्हा कालपर्यंतच्या आठ हजार धावा ‘मागील शिल्लक’ म्हणून पुढच्या पानावर ओढण्याची सोय त्याला नसते. धावफलकावर त्याच्या नावापुढे शून्यच मांडलेले असते, आणि समोरून धावत येणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला त्याची सेवाज्येष्ठता मान्य नसते. अकरा जागांच्या या लहानशा दप्तरात रजा आहे, बदली आहे, बडतर्फी तर आहेच आहे. कायमपणा तेवढा नाही. आणि गंमत अशी, की ‘त्याला आता नारळ द्या, फार वर्षे जागा अडवून बसला आहे’ असा शेरा चहाच्या पेल्यावर मारणारा गृहस्थ बहुधा तो असतो, की जो स्वतः सव्वाअकराला कचेरीत येतो, खुर्चीला कोट अडकवून पुन्हा बाहेर जातो, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून आतापासून वशिल्याच्या शोधात असतो.

वृद्ध खेळाडूच्या जागेचा हा खटला पुराणा आहे, आणि त्यातील पहिले मोठे पक्षकार म्हणजे इंग्लंडचे डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस. 1899 च्या जून महिन्यात नॉटिंगहॅम येथील ट्रेंट ब्रिजच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते कर्णधार म्हणून उतरले, तेव्हा पन्नाशी पूर्ण होऊन एक्कावन्नावे वर्ष संपत आले होते, दाढी छातीवर रुळत होती आणि देहाचा घेर कीर्तीच्या घेराशी स्पर्धा करू लागला होता. फलंदाजीचे एक वेळ निभावलेही असते. परंतु चेंडू बहुधा जमिनीवरून येतो आणि तो उचलावयाचा तर वाकावे लागते, ही या खेळाच्या घटनेतील मूलभूत अडचण डॉक्टरांना उतारवयात प्रकर्षाने जाणवू लागली होती, आणि ज्या प्रेक्षकांनी तीस वर्षे त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्या त्यांनीच आता त्यांच्या क्षेत्ररक्षणाची हुर्यो उडवली. त्यांना वगळणे क्रमप्राप्त होते. पण वगळणार कोण? निवड समितीत तर ते स्वतःच बसलेले!

हा पेच त्यांनी स्वतःच सोडवला, आणि तोही असा की त्यात एका निरपराध तरुणाचे हात पोळले. सी. बी. फ्राय हा फलंदाज समितीच्या बैठकीस उशिरा पोहोचला. तो दारातून आत येतो न येतो तोच ग्रेसनी त्याला विचारले की, आर्ची मॅक्लॅरनला पुढील सामन्यात घ्यावे किंवा कसे? फ्रायने सरळ मनाने ‘घ्यावे’ असे उत्तर दिले, आणि खुर्चीवर टेकल्यानंतर त्यास उमगले की मॅक्लॅरनसाठी जी जागा रिकामी करावयाची ती खुद्द ग्रेस यांची होती. ही हकीकत फ्रायने पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. बैठकीस उशिरा येणाऱ्याने आल्या आल्या मत देऊ नये, एवढा तरी बोध जगाने त्यातून घ्यावयास हरकत नव्हती. सव्वाशे वर्षांनी, 2025 च्या जानेवारीत, सिडनीच्या कसोटीत भारताचा कर्णधार रोहित शर्मा याने धावा होत नाहीत म्हणून स्वतःचे नाव स्वतःच गाळले, आणि ही निवृत्ती नव्हे, असा खुलासाही सामना चालू असतानाच केला. ग्रेस यांच्या काळी खुलासा विचारणारी दूरचित्रवाणी नव्हती. तेवढी एक यातना त्यांना चुकली. मे महिन्यात रोहितने कसोटी क्रिकेटचा रीतसर राजीनामा दिला, तेव्हा त्या खुलाशाची शाई जेमतेम वाळली होती.

ट्रेंट ब्रिजच्या ज्या सामन्यात ग्रेस यांची कसोटी कारकीर्द संपली, त्याच सामन्यात विल्फ्रेड ऱ्होड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या यॉर्कशरी डावखुऱ्या गोलंदाजाची सुरू झाली. आणि जागा कशी टिकवावी याचा जो धडा ग्रेस यांना अखेरपर्यंत साधला नाही, तो या पोराने जणू त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहूनच गिरवला. तो आला गोलंदाज म्हणून आणि फलंदाजीला येई अगदी तळाशी. परंतु पुढे गोलंदाजीची धार जरा बोथट होताच त्याने तक्रार न करता खाते बदलून घेतले, एकेक पायरी चढत सलामीची जागा गाठली, आणि 1911–12 च्या दौऱ्यात मेलबर्नला जॅक हॉब्सच्या जोडीने पहिल्या गड्यासाठी 323 धावा रचल्या. पुढे पुन्हा गोलंदाजी. 1926 साली ॲशेसच्या निर्णायक सामन्यासाठी इंग्लंडला फिरकी गोलंदाज हवा होता आणि ऱ्होड्स अठ्ठेचाळीस वर्षांचा होऊन चक्क निवड समितीत बसला होता. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचेच नाव सुचवले. स्वतःच्या नेमणुकीचा ठराव मांडला जात असता सभासदाने छताकडे पाहावे की जमिनीकडे, याबाबत क्रिकेटचे कायदे मूक आहेत. पण ओव्हलच्या मैदानावर त्याने दुसऱ्या डावात 44 धावांत चार गडी बाद केले, ऑस्ट्रेलिया 125 मध्ये आटोपली, आणि वशिलेबाजीचा आरोप करण्यासाठी ज्यांनी लेखण्या सरसावल्या असतील त्यांनी त्या पुन्हा दौतीत ठेवल्या. हा मनुष्य शेवटची कसोटी खेळला 1930 साली किंग्स्टन येथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्याहून वयस्क मनुष्य आजतागायत कसोटीत उतरलेला नाही. सरकारी नोकरीतील त्याच्या वयाचे लोक सेवानिवृत्तीच्या समारंभासाठी भाषण लिहू लागतात.

ऱ्होड्ससाठी विलायतेस जाण्याचे वास्तविक कारण नाही, कारण आपल्या पुण्यातच सर परशुरामभाऊ महाविद्यालयात प्रा. दिनकर बळवंत देवधर संस्कृत शिकवीत होते. त्यांनी 1926 साली इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध 148 धावा केल्या, तेव्हा भारताला कसोटीचा दर्जा नव्हता. आणि तो दर्जा मिळून 1932 साली लॉर्ड्सवर आपला पहिला सामना झाला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे झाले होते आणि संघात ते नव्हते. वय झाले, असे सांगण्यात आले. चाळिशी म्हणजे उतार, हा सिद्धांत शिष्टसंमत असल्याने कोणी फारशी तक्रार केली नाही. खुद्द प्राध्यापकांनीही वृत्तपत्रांतून कैफियत मांडण्याऐवजी तोच वेळ फलंदाजीच्या सरावास दिला असावा, असे पुढील घटनांवरून दिसते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939–40 आणि 1940–41 अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. आणि त्यांतल्या दुसऱ्या वर्षी पुण्यास मुंबईविरुद्ध जो अजस्र सामना झाला, ज्यात महाराष्ट्राने 675 आणि मुंबईने 650 धावा केल्या, त्यात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी देवधरांनी एकट्याने 246 धावा काढल्या. ज्यांचे बाप लॉर्ड्सच्या सामन्याच्या वेळी ‘देवधरांचे वय झाले’ म्हणून मान डोलवीत होते, अशा पोरांनी त्या दिवशी सीमारेषेवरून चेंडू परत आणण्याचे काम केले असेल. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतके काढली.

यातील खरा विनोद कालाने केला. देवधर 1993 साली निवर्तले ते एकशे एक वर्षांचे होऊन; म्हणजे 1932 साली ज्यांना उतरणीस लागलेले ठरवण्यात आले, त्यांच्या आयुष्याचे मध्यान्ह तेव्हा अजून दहा वर्षे दूर होते. ज्यांनी त्यांना वृद्ध ठरवले ते सर्व त्यांच्याआधी गेले, आणि 1973 साली त्यांच्या नावाने जी स्पर्धा सुरू झाली ती पाहावयास ते स्वतः ठणठणीत हजर होते.

लॉर्ड्सवरील त्या पहिल्या कसोटीचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांनी तर निवृत्ती ही संकल्पनाच अमान्य केली. एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशातर्फे रणजी सामने खेळत होते, आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधून अखेर बाहेर पडले ते 1963–64 च्या हंगामात, अडुसष्टाव्या वर्षी, नागपूरला, राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ अशा एका मदत सामन्यात. ते राज्यपालांच्या बाजूने खेळले. वयाची अडुसष्ट वर्षे उलटलेल्या थोर पुरुषाची सोय आपल्या देशात राज्यपालांच्या बाजूनेच व्हावयाची, हा संकेत क्रिकेटनेही पाळला म्हणावयाचे.

परंतु वतन आणि मजुरी यांचा खरा सामना झाला तो 1971 च्या जानेवारीत. एका बाजूला मन्सूर अली खान, पतौडीचे नवाब, एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झालेले, जन्माने आणि दिमाखाने कर्णधारपदाचे वतनदार; दुसऱ्या बाजूला दादरचे अजित वाडेकर, स्टेट बँकेतील नोकर. निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद नवाबाकडून बँकेकडे वर्ग झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संविधानाची सव्विसावी दुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे व किताबही गेले. म्हणजे दिल्लीतील सरकारने जे वर्षाअखेरीस केले ते मर्चंट यांनी वर्षारंभीच करून दाखवले होते. वाडेकरांनी त्याच वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोन ठिकाणी मालिका जिंकल्या. इंदूरकरांनी विजयी वीरांची नावे कोरून सिमेंट-काँक्रीटची भली थोरली बॅट उभारली. चिरंतन वतनाची सनद द्यावयाची तर ती काँक्रीटमध्येच दिलेली बरी, असा त्यामागे हिशेब असावा.

तीन वर्षे! 1974 च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर भारताचा संपूर्ण संघ 42 धावांत गारद झाला, मालिका तिन्ही सामन्यांत हरली, आणि ज्या जनतेने बॅट उभारली होती तिच्यापैकीच काहींनी जाऊन तिला काळे फासले. वाडेकर परतले तर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांचे नाव गाळलेले. तेव्हा त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या जागी कर्णधार म्हणून पुन्हा आले ते मन्सूर अली खानच, पण आता किताबावाचून, तुमच्या-आमच्यासारखे नागरिक होऊन. बेचाळीस धावांच्या त्या डावानंतर वाडेकरांना विचारपूस न करता जर कोणी जागेवर राहू दिले असेल तर ते स्टेट बँकेने. खातेउताऱ्यात बेचाळीस रुपयांची चूक झाली असती तर बँकेने लेखी जाब मागितला असता. बेचाळीस धावांबद्दल तिने काही विचारल्याचे ऐकिवात नाही. मुंबईच्या क्रिकेटपटूंच्या आया आपल्या मुलांना ‘आधी नोकरी पक्की कर’ असे का सांगत आल्या, याचे उत्तर त्या एका उन्हाळ्यात सर्वांस मिळाले.

मर्चंट यांच्याच नावावर एक सूत्र सांगितले जाते, की लोक ‘का जातोस?’ असे विचारीत आहेत तोवर जावे, ‘का जात नाहीस?’ असे विचारीपर्यंत थांबू नये. स्वतः त्यांनी ते पाळल्यासारखे दिसते खरे. 1951 साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध चाळिसाव्या वर्षी 154 धावा करून ते गेले, परंतु त्यात दुखावलेल्या खांद्याचाही हातभार होता. सूत्र उत्तम आहे. व्यवहारात अडचण एवढीच, की थोर खेळाडूच्या भोवती जी मंडळी जमलेली असतात ती यांपैकी कोणताच प्रश्न विचारीत नाहीत. ती विचारतात, ‘पुढच्या सामन्याचे दोन पास मिळतील का?’ पास मिळेपर्यंत त्यांच्या मते फलंदाज बहरातच असतो. त्यात एखादा विक्रम दृष्टिपथात असला, म्हणजे तर निवड समितीच स्तब्ध होते. रिचर्ड हॅडलीचे 431 बळी ओलांडण्यासाठी कपिल देव 1994 च्या फेब्रुवारीत अहमदाबादेस पोहोचेपर्यंत जवागल श्रीनाथ नावाचा तरणाबांड वेगवान गोलंदाज मायदेशातील सामन्यांत पेयपात्रे वाहण्याची कला आत्मसात करीत होता. कपिलने 434 वर हिशेब मिटवला तेव्हा त्याची त्या कामातून सुटका झाली. सचिन तेंडुलकरविषयी लिहिताना मराठी लेखकाने पायताणे बाहेर काढून ठेवावीत हे मला ठाऊक आहे. तेव्हा सोवळ्यातूनच एवढे नमूद करतो, की त्याच्या शंभराव्या शतकासाठी सारा देश वर्षभर घड्याळाकडे पाहत बसला होता, आणि ते 2012 च्या मार्चमध्ये मिरपूरला बांगलादेशाविरुद्ध झाले तेव्हा सामना आपण हरलो. शतकाच्या आनंदात पराभवाची दखल कोणी घेतली नाही. मीही घेतली नाही.

अलीकडे या कारभारात शिस्त आली आहे. 2017 पासून ‘यो-यो’ नावाची एक परीक्षा सुरू झाली, जीत वीस मीटर अंतरावरच्या दोन खुणांमध्ये भोंग्याच्या तालावर मागे-पुढे पळावयाचे असते आणि भोंगा उत्तरोत्तर अधीर होत जातो. म्हणजे आता धावा किती केल्या हे विचारण्यापूर्वी धावता येते का, हे विचारण्यात येऊ लागले आहे. ग्रेस यांनी त्या भोंग्यास काठीने बडवले असते. 2025 च्या जानेवारीत नियामक मंडळाने फर्मान काढले, की मोठमोठ्या खेळाडूंनीही देशांतर्गत सामने खेळावे. त्यानुसार रोहित शर्मा मुंबईसाठी रणजी खेळला आणि 3 व 28 धावा करून परतला, आणि दिल्लीस विराट कोहली उतरला तेव्हा त्याला पाहण्यास लोटलेला समुदाय तो 6 धावांवर त्रिफळाचीत होताच मोठ्या संख्येने घरी गेला. रणजी सामन्याला इतके लोक असतात हे पाहून इतर एकवीस खेळाडूंना जो आनंद झाला असेल तो फार वेळ टिकला नाही.

या बदलत्या शिस्तीतही जुन्या दप्तराची लहर अगदीच संपलेली नाही, याची साक्ष अजिंक्य रहाणे देईल. सुमारे दीड वर्ष विजनवासात काढून तो 2023 च्या जूनमध्ये ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात परतला, त्याने 89 व 46 धावा केल्या. सरकार प्रसन्न होऊन त्याला पुढच्याच दौऱ्यात उपकर्णधार नेमण्यात आले, तेथे 3 आणि 8 धावा झाल्या, आणि त्यानंतर उपकर्णधारपदासह संघातील जागाही त्याच्या हातून गेली. बढती आणि बडतर्फी यांच्यामध्ये कोणत्याही कचेरीत निदान एक चौकशी समिती बसते. रहाणेने गाऱ्हाणे मांडीत बसण्याऐवजी मुंबईचे कर्णधारपद सांभाळून 2023–24 चा रणजी करंडक, मुंबईचा बेचाळिसावा, जिंकून आणला; आणि त्यानंतरही हाताखालच्या पोरांइतक्याच इमानाने तो मैदानात येत राहिला.

आता प्रश्न उरतो तो आम्हा प्रेक्षकांचा. एखाद्या अडतीस वर्षांच्या फलंदाजाने कशाबशा केलेल्या वीस धावा आपल्याला ‘मोक्याच्या वीस धावा’ का वाटतात, आणि बावीस वर्षांच्या पोराने केलेल्या चाळीस धावांत ‘जबाबदारीचा अभाव’ का दिसतो? पुष्कळ विचारांती मला असे वाटू लागले आहे, की या प्रकरणात आपला हितसंबंध गुंतलेला असतो. ज्या खेळाडूचे पदार्पण आपण महाविद्यालयाचा तास बुडवून पाहिले, तो जोवर संघात आहे तोवर आपलेही तारुण्य हजेरीपटावर असते. गुडघे काही म्हणोत, डोक्यावरचे केस काही म्हणोत, तो अजून खेळतो आहे ना, मग आपलेही अजून काही बिघडलेले नाही! निवड समिती त्याचे नाव गाळते तेव्हा एका लेखणीच्या फटकाऱ्यात ती आपल्या अख्ख्या पिढीला निवृत्त करते, आणि त्या पिढीला पेन्शनही देत नाही. म्हणूनच आपण त्याच्या मुदतवाढीसाठी एवढे हिरिरीने भांडतो. वकीलपत्र त्याचे असते, दावा आपला. उलटपक्षी, जो तरुण त्याला ‘काढा, काढा’ म्हणून ओरडत असतो, त्याचा खेळाडू अजून पंचविशीत असतो. त्याला अजून बारा वर्षे आहेत. मग तोही मोक्याच्या वीस धावा मोजू लागेल.

खुद्द त्या खेळाडूला मात्र आपल्या या वकिलीचा उपयोग नसतो, आणि त्याला ते माहीतही असते. ज्याची जागा दयेवर राहते त्याचा उपमर्द त्याला वगळण्याने होतो त्याहून अधिक होतो. वगळलेला मनुष्य निदान हिशेबात धरलेला असतो. तेव्हा निवड समितीने आम्हां जुन्या प्रेक्षकांचे अर्ज, विनंत्या, शिफारशी आणि अश्रू हे सर्व वाचून दप्तरी दाखल करावे आणि धावा मोजाव्या. मोजताना वयाचा रकाना झाकून ठेवावा, मग तो अडतिसाचा असो वा अठराचा. 1932 साली तो रकाना कोणी झाकला नाही, त्याचा जबाब प्रा. देवधरांनी आठ वर्षांनी 246 धावांत सादर केला, आणि त्या जबाबावर कोणाच्याही शिफारशीची सही नव्हती.